युद्धकैद्याच्या बातमीची वाट पाहताना घरच्यांनी काय करावं

माझा धाकटा भाऊ युद्धकैदी होता तेव्हा घरातली सगळी कागदपत्रं आणि फोन माझ्याकडे आले. तो परत आल्यावरही त्याच अवस्थेतली कुटुंबं विचारायला येतात. त्यांना मी पहिल्यांदा सांगते, की बातमीला तुमच्या घरापर्यंत पोचता येईल अशी सोय आधी करा. रडायचं ते रडाच, पण हे काम त्याच दिवशी सुरू करा.

आधी आपला माणूस नेमका कोणत्या रकान्यात आहे ते समजून घ्या. ‘बेपत्ता’, ‘पकडला गेला असं ऐकतो’ आणि ‘युद्धकैदी म्हणून नोंद झाली’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार पकडणाऱ्या देशाने कैद्यांची माहिती ठेवणारं कार्यालय उघडायचं असतं. तिथून नावं जिनिव्हाच्या सेंट्रल ट्रेसिंग एजन्सीकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या माणसं शोधणाऱ्या विभागाकडे, आणि मग कैद्याच्या देशाकडे जातात. शिवाय छावणीत पोचल्यापासून जास्तीत जास्त आठवडाभरात स्वतःच्या हाताने घरी एक कार्ड लिहून पाठवायचा हक्क कैद्याला असतो. नियम असा आहे. प्रत्यक्षात महिनेच्या महिने जातात. पण नोंद झालेला माणूस नाहीसा करणं अवघड असतं, म्हणून आपली सगळी धडपड त्या नोंदीसाठी.

त्यासाठी एक पान तयार करा. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, सेवा क्रमांक, हुद्दा, तुकडी, शेवटचं बोलणं कधी झालं, अंगावरच्या जुन्या खुणा, चालू असलेली औषधं. नावाचं स्पेलिंग सेवेच्या कागदांवर आहे तसंच्या तसं लिहा आणि खाली ते आणखी कसं लिहिलं जाऊ शकतं तेही नोंदवा. समोरचा कारकून ऐकलेलं नाव स्वतःच्या लिपीत लिहितो आणि एका अक्षराच्या फरकाने दोन याद्या जुळत नाहीत. हे पान सैन्याच्या संबंधित कार्यालयाला द्या आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीकडे किंवा आपल्या देशाच्या रेडक्रॉस, रेड क्रेसेंट संस्थेकडे शोधाचा अर्ज करा. फोन नंबर किंवा पत्ता बदलला तर दोन्हीकडे त्याच दिवशी कळवा. घरातून एकाच माणसाने बोलावं. आई एक सांगते, बायको दुसरं सांगते, आणि फाइलमध्ये गोंधळ होतो.

रेडक्रॉसकडून लवकर उत्तर आलं नाही म्हणून ते काही करत नाहीत असं समजू नका. त्यांना परवानगी मिळाली तरच ते छावणीत जातात, कैद्याशी एकांतात बोलतात आणि पाहिलेलं जाहीर करत नाहीत. म्हणूनच पुढच्या वेळी दार उघडतं. माणसाला सोडवून आणायचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नाही.

एक वही घाला. तारीख, कोण बोललं, काय म्हणालं, आणि त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं. रात्री तीनला जेव्हा सगळ्या अफवा एकदम डोक्यात येतात, तेव्हा ही वही उघडून खरं किती माहीत आहे ते बघता येतं.

अनोळखी फोन येतील. ‘तो आमच्याकडे आहे, पैसे पाठवा’ असं आम्हालाही कोणी सांगितलं होतं. पैसे देऊ नका. नंबर जपून ठेवा आणि अधिकाऱ्यांना कळवा. कैद्याचा व्हिडिओ किंवा फोटो दिसला तर लिंक आणि प्रत जपा, अधिकाऱ्यांकडे द्या, पण पुढे पाठवू नका. कैद्याचा तमाशा करू नये असं करारच सांगतो. त्याचं काम, तुकडी, कामगिरी याबद्दल कुठेही जाहीर लिहू नका. चौकशीत त्याने फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक सांगणं बंधनकारक असतं; बाकीचं आपण बाहेरून पुरवायला नको.

आता पत्रं. उत्तर येवो न येवो, लिहीत राहा. कैद्याला महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहू द्यायला हवीत, टपालखर्चाशिवाय. पण ती वाचली जातात, अडकतात, उलटसुलट क्रमाने पोचतात. म्हणून प्रत्येक पत्रावर तारीख आणि क्रमांक घाला. तीन नंबरचं हातात पडलं की दोन कुठेतरी येतंय हे त्याला कळतं. अक्षर सुटं, वाक्यं साधी. खुणेचे शब्द आणि घरातली गमतीची नावं टाळा, वाचणाऱ्याला संशय येतो. राजकारण, लढाई, कोणाची बदली कुठे झाली, काही नको. ‘आम्ही सगळे बरे आहोत’ एवढ्याने त्याचं भागत नाही. माझ्या एका पत्रात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता ती सुईत दोरा ओवते आणि सगळ्यांना ओवून दाखवते, एवढंच होतं. परत आल्यावर त्याला ते तोंडपाठ होतं. शेवटी एक सोपा प्रश्न विचारा, म्हणजे उत्तरात काय लिहायचं याचा धागा त्याला मिळतो.

पगार, बँक, घराची कागदपत्रं थांबू देऊ नका. कैदेतूनही मुखत्यारपत्र करून पाठवायची तरतूद करारात आहे, तिची चौकशी करा. त्याला गंभीर जखम किंवा आजार असल्याचं कळलं तर जुने वैद्यकीय कागद लगेच द्या. अशा कैद्यांना लढाई चालू असतानाही परत पाठवता येतं.

मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल तेवढं. ‘बाबा कामाला गेलेत’ हे फार दिवस टिकत नाही.

अदलाबदलीची कुजबुज सुरू झाली की सगळ्यांत जपा. नावं शेवटच्या क्षणी बदलतात. तो सीमा ओलांडून आल्याचं अधिकृतपणे कळेपर्यंत मुलांना आणि म्हाताऱ्यांना काही सांगू नका. आपलं नाव यादीत नसेल, तर सुटून आलेल्यांना भेटायची विनंती त्यांच्या तुकडीमार्फत करा, त्यांना आधी विश्रांती घेऊ द्या. फोटो दोन-तीन न्या, त्यात एक अलीकडचा आणि एक केस बारीक असलेला. ‘हाच ना?’ असं विचारू नका, नुसते फोटो समोर ठेवा. ओळखलं तर शेवटचं कधी पाहिलं, कुठे, चालत होता का, बरोबर कोण होतं, हे हळूहळू विचारा. सगळं वहीत घ्या आणि त्याच आठवड्यात त्या पहिल्या पानावर चढवून दोन्ही कार्यालयांत नवी प्रत द्या.