मंडळीचा (चर्चचा) पुढारी निवडताय? आधी हे बघा

भाषण नंतर बघा, आधी तो घर कसं सांभाळतो ते बघा. प्रेषित पौलाने बायबलमधल्या १ तीमथ्य ३ मध्ये (तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय ३) पुढाऱ्याच्या गुणांची जी यादी दिलीय त्यात शिकवता येणं एवढंच काय ते स्किल, बाकी जवळपास सगळा स्वभावच, म्हणजे दारुडा नको, भांडखोर नको, पैशाचा लोभी नको, आणि हो, नवीन विश्वासणाराही नको कारण डोक्यात हवा जाते. पैशाचं तर फारच जपा, २ करिंथ ८ मध्ये दानाची रक्कम पोचवायला पौल एकट्याला नाही पाठवत, आपला सहकारी तीत याच्याबरोबर अजून विश्वासू भाऊ देतो, कोणी बोट दाखवायला नको म्हणून, तेव्हा तुम्हीपण दानपेटी दोघातिघांनी मिळूनच मोजा. मीटिंग संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं तेही गुपचूप बघा, येशूने स्वतः शिष्यांचे पाय धुतले की (योहान १३). चूक दाखवली की फुगून बसणारा असेल तर थोडं थांबाच.