सर्किट बेंडिंग आणि ड्रम मशीन : या चुका टाळा

खेळण्यातला कीबोर्ड किंवा बोलणारं अक्षरयंत्र उघडायचं, सर्किटवरच्या एरवी कधीच जोडल्या न जाणाऱ्या दोन जागा वायरने जोडायच्या आणि त्यातून निघालेला तुटका, किंचाळता आवाज ड्रम मशीनच्या (तालवाद्यांचे ठेके वाजवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या) ठेक्यावर बसवायचा, हे झालं सर्किट बेंडिंग. त्याची सुरुवातच अपघाताने झाली. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात रीड गझाला या शाळकरी मुलाच्या टेबलाच्या खणात एक छोटा अॅम्प्लिफायर उघडा पडला होता. आतलं सर्किट धातूला टेकलं आणि तो सिंथेसायझरसारखा आवाज काढू लागला. पुढे ‘सर्किट बेंडिंग’ हे नावही गझालानेच रूढ केलं. मला यातली पुढची पायरी जास्त मोलाची वाटते. त्याने तो अपघात हवा तेव्हा घडवता यावा म्हणून स्विच बसवले. एकदाच ऐकू आलेला विचित्र आवाज ठेक्यात वापरता येत नाही, तो पुढच्या समेवर परत आणता यावा लागतो. नवशिक्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात.

पण त्याआधी विजेचं बोलू, कारण त्या चुकीला दुरुस्ती नाही.

घरातल्या विजेवरचं काहीही उघडू नका

फक्त सेलवर चालणारी वस्तू घ्या. भिंतीतले २३० व्होल्ट जीव घेतात. जुना फ्लॅशचा कॅमेराही नको, कारण सेल काढल्यावरसुद्धा त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असतात. सेलऐवजी अॅडॉप्टर लावायचा मोहही आवरा. जुन्या कॅसिओ कीबोर्डना आणि रोलँडच्या बऱ्याच यंत्रांना पिनच्या मध्यभागी मायनस लागतो, तर घरात पडलेल्या बहुतेक अॅडॉप्टरांच्या मध्यभागी प्लस असतो. माझा पहिला कीबोर्ड असाच गेला. राउटरचा नऊ व्होल्टचा अॅडॉप्टर पिनमध्ये नीट बसला, म्हणून मी तो लावला. आता मी प्रत्येक खेळण्याच्या प्लसच्या वायरीत आधी एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घालते. दोन-चार रुपयांचा १एन४००७ पुरतो, फक्त तो पाऊण व्होल्टच्या आसपास खातो हे लक्षात ठेवायचं.

प्लस-मायनस थेट जोडणं

झाकण उघडल्या उघडल्या वायर घेऊन इकडेतिकडे टोचत सुटू नका. आधी मल्टिमीटरने सेलचं प्लस आणि मायनस सर्किटवर कुठे कुठे पोचतंय ते शोधा आणि त्या जागा लाल मार्करने रंगवा. या दोन एकमेकांना कधीच टेकवायच्या नाहीत. बाकीच्या जागा तपासतानाही वायरीत आधी एक किलो-ओहमचा रेझिस्टर (वीज अडवणारा भाग) ठेवा. काहीच घडलं नाही तर शंभर ओहमपर्यंत खाली या. अधूनमधून आयसीला (म्हणजे चिपला) बोट लावून बघा. गरम लागली, तर सेल लगेच काढा.

आत आयसीऐवजी फक्त काळा डांबरासारखा ठिपका दिसला, तर निराश होऊ नका. चिप त्याखालीच आहे, पण तिचे पाय हाती लागत नाहीत. अशा खेळण्यात ठिपक्याभोवतीच्या रेझिस्टरांवर आणि बटणांच्या पट्ट्यांवर काम करायचं.

आवाज देणारी जागा सापडली की त्याच क्षणी फोटो काढा आणि वहीत नोंद करा. उद्या आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

आवाज खाली खेचता खेचता खेळणं गोठतं

ही तक्रार सगळ्यात जास्त येते. बऱ्याच स्वस्त खेळण्यांचा वेग आणि स्वर चिपजवळच्या एकाच रेझिस्टरवर ठरतो. तो काढून तिथे एक मेगा-ओहमचा पॉट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) लावला की बोलणारी बाहुली घोगऱ्या पुरुषी आवाजापासून चिमणीपर्यंत कुठेही जाते. पण पॉट एका टोकाला शून्यावर जातो, चिप सहन होणार नाही इतकी धावते आणि अडकते. म्हणून पॉटच्या सिरीजमध्ये, म्हणजे त्याच वायरीत एकामागोमाग, एक कायमचा रेझिस्टर ठेवा. मूळ रेझिस्टरच्या निम्म्या किमतीपासून सुरुवात करा. दुसऱ्या टोकाला वेग फार कमी झाला, तरी काही चिपा स्मृती हरवून गप्प होतात. त्यासाठी सेलच्या वायरीत एक दाबबटण घाला, म्हणजे दाबताच वीज तुटेल. गोठलं की टिचकी मारायची आणि ठेका पुढे चालू ठेवायचा. रंगमंचावर याची किंमत कळते.

रेझिस्टर बदलूनही स्वर हललाच नाही, तर चिपशेजारी दोन किंवा तीन पायांचा रेझोनेटर आहे का बघा. तिथे वेग तोच ठरवतो आणि त्याच्या जागी बाहेरून वेगळा ऑसिलेटर (ठरावीक वेगाने स्पंद देणारं सर्किट) द्यावा लागतो.

सोल्डरिंगबद्दल एकच सांगते. जाड वायर वापरू नका. ती ओढली गेली की सर्किटवरचा तांब्याचा ठिपका उखडून येतो. बारीक, अनेक तारांची वायर घ्या आणि जोडापासून बोटभर अंतरावर तिला ग्लूगनने चिकटवा.

स्पीकरच्या टोकांवर सरळ जॅक लावणं

एकटं खेळणं सेलवर चालू असेल, तर हे चालून जातं आणि म्हणूनच फसायला होतं. पुष्कळ छोट्या अॅम्प्लिफायरांत स्पीकरच्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, ग्राउंडला एकही टोक नसतं. पुढे त्याच खेळण्याला ड्रम मशीनची ट्रिगर (ठोक्याचा इशारा देणारी) वायर जोडली की दोघांचे ग्राउंड मिक्सरमार्फत एकत्र येतात, अॅम्प्लिफायरचं एक टोक शॉर्ट होतं आणि तो तापायला लागतो. मध्ये एकास एक प्रमाणाचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. आणि पहिल्यांदा ऐकताना हेडफोन कानाला लावू नका. बेंड केलेलं सर्किट कधी अचानक किंचाळेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

ठेका जुळत नाही

रोलँडचं ड्रम मशीन टीआर-८०८ आणि बेसची सुरावट वाजवणारं टीबी-३०३ यांची लय डिन सिंकने, म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला वायरीतून लयीचे स्पंद पाठवण्याच्या पद्धतीने, जुळते. हीच दोन यंत्रं घेऊन संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत राग ध्वनिमुद्रित केले. डिन सिंकचं पाच पिनांचं सॉकेट मिडीसारखंच (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडण्याच्या प्रचलित पद्धतीसारखंच) दिसतं, पण आतून निराळं आहे. रोलँडची यंत्रं त्यातून एका मात्रेला २४ स्पंद पाठवतात, त्या काळची कोर्गची ४८. म्हणून एकाचा ठेका दुसऱ्याच्या दुप्पट किंवा निम्मा धावतो. कोर्गच्याच आजच्या व्होल्का यंत्रांचा सिंक तर मात्रेला दोनच स्पंदांचा. यंत्र बिघडलंय असं ठरवण्याआधी हे आकडे बघा.

खेळण्याचं बटण ड्रम मशीनकडून दाबून घ्यायचं असेल, तर पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर वापरा. त्यात दोन सर्किटांमध्ये फक्त प्रकाश जातो, म्हणजे ग्राउंडची वरची अडचणही टळते. तरीही काही ठोके गळतात, कारण ट्रिगर काही मिलिसेकंदांचाच असतो आणि खेळणं आपली बटणं सावकाश तपासतं. त्याऐवजी जास्त वेळ टिकणारा इशारा, म्हणजे गेट सिग्नल द्या. शिवाय प्रत्येक खेळणं थोडं उशिरा बोलतं. रेकॉर्ड केल्यावर तो ट्रॅक तेवढाच पुढे सरकवा, नाहीतर सगळा ठेका लंगडतो. मिक्स करताना खेळण्याचा दीडशे हर्ट्झखालचा गडगडाट कापून टाका. ती जागा किकची (खोल आवाजाच्या ड्रमची) आहे.

दुर्मिळ यंत्रावर हात शिकणं

टीआर-८०८ १९८० ते १९८३ या काळात जेमतेम बारा हजारांच्या आसपास बनले. ते उघडू नका. बेंडिंगसाठी टीआर-५०५ किंवा अॅलेसिस एचआर-१६ यांसारखी सॅम्पलवर चालणारी यंत्रं बरी. स्मृतीच्या चिपच्या रेषा अदलाबदल केल्या की स्नेअरचा (कडक आवाजाच्या ड्रमचा) आवाज किकच्या तुकड्यांत मिसळतो, आणि स्विच उलटा केला की सगळं पूर्ववत होतं. तरी आधी चार स्वस्त खेळणी पुरी करा. पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पॉट, स्विच, ऑप्टोकपलर सगळं मिळतं.

रेकॉर्डर पहिल्या टोचणीपासूनच चालू ठेवा. विशेषतः सेल संपत आले असतील, तेव्हा. व्होल्टेज पडलं की आवाज खोल जातो, मध्येच अडखळतो, लांबतो, आणि नवे सेल घातले की तो निघून जातो. मी आता प्लसच्या वायरीत शंभर ओहमचा पॉट ठेवते. तो हळूहळू फिरवला की मरणाऱ्या सेलाच्या बराच जवळचा आवाज मिळतो. वहीत पॉटची जागा घड्याळाच्या काट्यासारखी लिहायची, ‘साडेदहाला, स्नेअरवर’, म्हणजे पुढच्या वेळी तिथूनच सुरू करता येतं.