सूक्ष्मदर्शक घरी आणलात? पहिला आठवडा असा घालवा

खोक्यावर ‘१००० पट’ छापलेलं असतं, म्हणून हौसेनं आणलेल्या मायक्रोस्कोपवर बहुतेक जण आधी सगळ्यात लांब लेन्स फिरवतात. दिसतो फक्त अंधार. माझं कळकळीचं सांगणं आहे: पहिला आठवडा ४ आणि १० पटीच्या लेन्सवरच काढा. आयपीस, म्हणजे डोळा लावायची वरची लेन्स, १० पट असेल, तर तेवढ्यावरच ४० आणि १०० पट मोठं दिसतं आणि कांद्याच्या पेशीला ते भरपूर होतं.

न डगमगणारं टेबल निवडा. मायक्रोस्कोप उचलताना एक हात दांड्याला, दुसरा बुडाखाली.

आता प्रकाश, कारण निम्म्या तक्रारी इथल्याच असतात. तुमच्या मायक्रोस्कोपला आरसा असेल तर तो खिडकीतल्या मोकळ्या आकाशाकडे किंवा टेबललॅम्पकडे वळवा. थेट सूर्याकडे कधीही नाही, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांना हे आधीच बजावून ठेवा. एलईडी असेल तर तो मंद ठेवा. मग स्टेजखालचा (स्टेज म्हणजे स्लाइड ठेवायचा चौथरा) डायफ्रॅम, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारी झडप, हळूहळू बंद करत जा. पेशी पारदर्शक असतात, झगझगीत उजेडात त्यांच्या कडा पुसल्या जातात. डायफ्रॅम थोडा मिटला की त्याच कडा उठून दिसतात. काही दिसत नसेल तर लेन्स बदलण्याआधी हा डायफ्रॅम हलवून बघा.

पहिली स्लाइड कांद्याची. पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्यानं सोला आणि स्लाइडवरच्या पाण्याच्या थेंबात सुरकुती न पडता पसरा. वर आयोडीनचा एक थेंब. कव्हरस्लिप, म्हणजे वर झाकायची पातळ काच, तिरकी धरून एक कड पाण्याला टेकवा आणि सावकाश खाली सोडा. धपकन टाकलीत तर हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचे ते गोल म्हणजे पेशी नव्हेत. जास्तीचं पाणी टिपकागदानं टिपा.

४ ची लेन्स लावा आणि बाजूनं बघत मोठ्या स्क्रूनं स्टेज लेन्सच्या जवळ न्या. मग आयपीसला डोळा लावून स्टेज खाली सोडत या, चित्र आपोआप समोर येईल. लहान स्क्रूनं ते स्वच्छ करा. स्लाइड डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं, दोन दिवसांत हाताला सवय होते. ४० च्या लेन्सवर जाल तेव्हा मोठ्या स्क्रूला हातच लावू नका, तिथं लेन्स आणि काचेत जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर अंतर उरतं. माझी पहिली स्लाइड अशीच तडकली होती.

विटांच्या भिंतीसारख्या पेशी आणि त्यांतलं पिवळसर तपकिरी केंद्रक दिसलं की त्यांची लांबीही मोजता येते. ४ च्या लेन्सखाली पारदर्शक पट्टी ठेवून आरपार किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. समजा साडेचार आले, तर अडीच पट मोठं दाखवणाऱ्या १० च्या लेन्सखाली १.८ मिलिमीटर दिसणार. त्यात लांबीच्या दिशेनं सहा पेशी मावल्या तर एक पेशी ०.३ मिलिमीटरची.

यानंतर पुण्यातल्या पुण्यात खजिनाच आहे. पेठांमधल्या जुन्या दगडी भिंतींवर पावसाळ्यात हिरवं मखमली मॉस उगवतं. चिमूटभर आणा, पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी पिळून निघालेला थेंब बघा. डोक्यावर दोन चाकं फिरत असल्यासारखे दिसणारे रोटिफर नावाचे सूक्ष्म प्राणी बहुतेक वेळा सापडतात. हेच मॉस मे महिन्यात, कडकडीत वाळलेलं आणून भिजवा. सुकून पडलेले रोटिफर पाणी मिळाल्यावर पुन्हा चालू लागतात. यासारखं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही. खडकवासला धरणाच्या काठावरच्या दगडाचा बुळबुळीत तपकिरी थर खरवडलात तर डायटम मिळतील, सिलिकाच्या नक्षीदार कवचातली एकपेशीय शैवालं. आपल्याच आघारकर संशोधन संस्थेत त्यांच्यावर संशोधन चालतं. काम झालं की हात साबणानं धुवा.

पुण्याचा पावसाळा लेन्सला मात्र मानवत नाही, दमट हवेत काचेवर बुरशी धरते. लेन्स ओढणीनं किंवा रुमालानं पुसू नका, लेन्स पेपरच वापरा. ठेवताना ४ ची लेन्स खाली आणा, स्टेज उतरवा, कापडी आच्छादन घाला. जून ते सप्टेंबर मायक्रोस्कोप घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या अधूनमधून बदला.