सबस्टेशनचं घड्याळ बरोबर, नोंदी मात्र चुकलेल्या: या चुका टाळा

रात्री लाइन ट्रिप होते. सकाळी दोन्ही टोकांचे डीआर (बिघाडाच्या वेळच्या नोंदी) मागवले, तर एका टोकाची नोंद 02:17 ची आणि दुसऱ्याची 20:47 ची, तीही आदल्या दिवसाची. इथे लगेच जीपीएस क्लॉकवर, म्हणजे उपग्रहांवरून वेळ घेऊन सबस्टेशनला देणाऱ्या घड्याळावर, खापर फोडू नका. फरक मोजा. वेळेच्या घोटाळ्यात फरकाचा आकडाच बहुतेकदा चूक कुठे आहे ते सांगून टाकतो.

वरच्या उदाहरणात फरक बरोबर साडेपाच तासांचा आहे. क्लॉक यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) पाठवतंय आणि 20:47 वाल्या टोकाच्या रिलेत, म्हणजे बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणाऱ्या उपकरणात, टाइम झोन भरायचा राहिलाय. उलटही होतं: क्लॉक आधीच भारतीय वेळ देतंय, रिलेतही +5:30 टाकलंय, मग नोंद साडेपाच तास पुढे. भर नेमकी कुठे घालायची, क्लॉकमध्ये की रिलेत, हे पूर्ण सबस्टेशनसाठी एकदाच ठरवा आणि सेटिंगच्या कागदावर लिहून ठेवा.

फरक एक तासाचा असेल आणि तोही मार्चअखेरपासून, तर रिलेत डेलाइट सेव्हिंग चालू राहिलंय. युरोपातून आलेल्या रिलेत हे सेटिंग असतंच, आपल्याकडे ते बंदच हवं. 37 सेकंद दिसले तर पीटीपी (नेटवर्कवरून अगदी अचूक वेळ पोचवायची पद्धत) तपासा. पीटीपी आंतरराष्ट्रीय अणुवेळेवर चालतं, ती यूटीसीच्या 37 सेकंद पुढे आहे, आणि हा फरक वजा करण्याची माहिती रिलेपर्यंत पोचत नाहीये. 18 सेकंद असतील तर रिसीव्हर लीप सेकंद (यूटीसीत अधूनमधून वाढवलेले सेकंद) न वजा करता थेट जीपीएसची वेळ देतोय. तारीखच साधारण 19 वर्षं 7 महिने मागे गेली तर रिसीव्हर जुना आहे. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा 1024 झाला की पुन्हा शून्यावर येतो, शेवटचं असं 6 एप्रिल 2019 ला झालं, आणि जुन्या फर्मवेअरला ते कळत नाही.

हे मोठे फरक परवडले, कारण ते डोळ्यांना दिसतात. खरा त्रास 8 किंवा 40 मिलीसेकंदांचा. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचं ओंटारिओ अंधारात गेलं, सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. आधी काय तुटलं आणि नंतर काय, हे लावताना तपास पथकाचा घाम निघाला, कारण बऱ्याच रेकॉर्डरची घड्याळं एकमेकांशी जुळलेलीच नव्हती. वेळ जुळवलेले रेकॉर्डर सक्तीचे करा, अशी शिफारस पुढे अंतिम अहवालात झाली. आपल्याकडे 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्ही लाइनने दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला जोडलं. त्यामुळे सोलापूरची नोंद आता कुठल्या राज्यातल्या नोंदीशेजारी ठेवावी लागेल याचा नेम नाही.

सगळीकडे एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवायची साधी पद्धत) लावून मोकळं होणं

50 हर्ट्झला एक सायकल 20 मिलीसेकंदांची. म्हणजे 1 मिलीसेकंद चुकला की फेज अँगल 18 अंशांनी चुकतो. घटनाक्रमाच्या नोंदींना 1 मिलीसेकंद चालतो. सबस्टेशनच्या आतल्या लॅनवर चांगलं बसवलेलं एनटीपी त्याच्या आसपास पोचतं, स्काडाला (दुरून देखरेख करणाऱ्या यंत्रणेला) पुरतं. पीएमयूचं (फेज अँगल मोजणाऱ्या यंत्राचं) गणित वेगळं. तिथे 1 टक्का चुकीची पूर्ण मुभा एकट्या वेळेनेच खायची म्हटली तरी हातात जेमतेम 32 मायक्रोसेकंद येतात, म्हणून स्रोत 1 मायक्रोसेकंदाच्या आतला धरतात. ट्रॅव्हलिंग वेव्हने, म्हणजे फॉल्टपासून दोन्ही टोकांकडे धावणारी लाट कधी पोचली त्यावरून, फॉल्ट शोधताना दोन टोकांच्या वेळेत 1 मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे जागा सुमारे 150 मीटरने हुकली. अशा कामांना आयआरआयजी-बी (वेगळ्या केबलवरून येणारा वेळेचा सिग्नल) किंवा पीटीपीच हवं. आणि पीटीपी घेतलं तर वाटेतला प्रत्येक स्विच ते समजणारा असला पाहिजे. मध्ये एक साधा स्विच बसवला की नेटवर्कवर लोड येईल तशी वेळ हलते. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

हिरवा दिवा पाहून सही करणं

क्लॉकवर ‘लॉक’चा दिवा हिरवा आहे, याचा अर्थ क्लॉकला उपग्रह दिसतायत, एवढाच. रिलेला वेळ मिळतेय की नाही, हे रिलेच्याच सिंक स्टेटसवर पाहायचं. आयआरआयजी-बी दोन तऱ्हेचा येतो, मॉड्युलेटेड आणि डीसी शिफ्ट, आणि बरेच रिले यातला एकच ओळखतात. केबल जोडलेली, दिवा हिरवा, आणि रिले स्वतःच्या क्वार्ट्झवर चाललाय, हे चित्र वाटतं त्यापेक्षा नेहमीचं आहे. दहा लाखात एक इतकीच चूक असलेलं क्वार्ट्झसुद्धा दिवसाला 86 मिलीसेकंद घसरतं. फरक रोज वाढत असेल तर तो सिंक नसलेला रिले आहे, सेटिंगशी खेळत बसू नका.

तपासायची रीत सोपी आहे. टेस्ट किटचा एकच कॉन्टॅक्ट दोन रिलेच्या बायनरी इनपुटला समांतर द्या आणि दोन्हींचे इव्हेंट शेजारी ठेवा. फरक दर वेळी तेवढाच, समजा 10 मिलीसेकंद, येत असेल तर घड्याळाला हात लावू नका. एका रिलेत इनपुटचा डिबाउन्स टाइम (इनपुट खरंच बदललं हे मानण्याआधी थांबायची वेळ) जास्त ठेवलेला असतो. मग आयआरआयजी-बीची केबल काढा आणि ‘टाइम सिंक फेल’ अलार्म कंट्रोल रूमपर्यंत येतो का ते पाहा. काही रिले थोडा वेळ थांबून अलार्म देतात, तेवढं थांबा. तरी आला नाही तर अलार्म मॅपच झालेला नाही, आणि सिंक पुन्हा कधी गेलं तर ते पुढच्या ट्रिपिंगलाच कळेल.

पावसाळा

अँटेना पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसवतात, मग अर्धं आकाश झाकलं जातं. त्याहून जास्त सतावतो तो कनेक्टर. टेप नीट न गुंडाळलेल्या कनेक्टरमध्ये जूनमध्ये पाणी शिरतं, आतलं तांबं हिरवं पडतं, आणि लॉक येतो-जातो, येतो-जातो. उन्हात सुकला की सगळं ठीक, म्हणून तक्रार कुणी मनावर घेत नाही. क्लॉकच्या लॉगमध्ये लॉक सुटल्याच्या वेळा आणि पावसाच्या सरी जुळल्या, तर क्लॉक कारखान्यात पाठवू नका, गच्चीवर जा. केबल बदललीत आणि लांबी वेगळी असेल तर क्लॉकमधला केबल डिले नव्याने भरा, मीटरला साधारण 4 ते 5 नॅनोसेकंद. घटनाक्रमाला त्याने काही होत नाही, पण 60 मीटरला पीएमयूच्या 1 मायक्रोसेकंदातला चौथा हिस्सा तिथेच जातो.

लाइन डिफरन्शियल

हे रिले लाइनच्या दोन्ही टोकांचा एकाच क्षणाचा करंट ताडून पाहतात, म्हणून इथे चुकलेल्या वेळेने लाइनच उडते. जीपीएस नसताना हे रिले संदेश जाऊन यायला किती वेळ लागला ते मोजतात आणि निम्मा करतात. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग सारखाच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. एसडीएच रिंगवर (संदेश नेणाऱ्या वर्तुळाकार नेटवर्कवर) एकच दिशा दुसऱ्या वाटेने वळली आणि 1 मिलीसेकंदाचा फरक पडला, तर अर्धा मिलीसेकंद चूक, म्हणजे 9 अंश. थ्रू करंट (लाइनमधून आरपार जाणारा करंट) भरपूर असताना तेवढाही खोटा डिफरन्शियल करंट दाखवतो. कम्युनिकेशनवाल्यांना लेखी सांगा की या चॅनेलच्या दोन्ही दिशा एकत्रच वळल्या पाहिजेत, आणि कमिशनिंगला रिंग मुद्दाम वळवून डिफरन्शियल करंट किती दिसतो ते वाचा.