‘क्लीन’ टाइप करायच्या आधी

मार्केट यार्डात मामांची गुळाची अडत आहे. पाडव्याच्या सौद्याआधी त्यांनी कॉम्प्युटर नवा घेतला, पण जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क “चांगली हाय की” म्हणत त्यातच बसवून घेतली. मी विंडोज ११ टाकायला बसलो तर सेटअप अडला: या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, इथं विंडोज टाकता येणार नाही.

डिस्क बिघडलेली नसते. एमबीआर म्हणजे पार्टिशनची जुन्या पद्धतीची खतावणी. तीत मुख्य पार्टिशनं चारच बसतात आणि २ टीबीच्या पुढं हिशेब जात नाही. विंडोजचा पेन ड्राइव्ह यूईएफआयमधून, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करायच्या नव्या पद्धतीनं, चालू केला की विंडोजला जीपीटी या नव्या पद्धतीचीच खतावणी लागते.

मामांचं म्हणणं, “सी पुसून टाक, टॅली डीमध्ये हाय, त्याला काय हुतंय?” टॅली म्हणजे त्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. इथंच भलेभले फसतात. सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे. खतावणी बदलायला मी वापरतो त्या पद्धतीत अख्खी डिस्क पुसली जाते, डीसकट. म्हणून डिस्क परत जुन्या डब्याला जोडली, टॅलीचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं आणि माझ्या लॅपटॉपवर टॅलीत मामांची कंपनी उघडून शेवटची पट्टी दिसते का ते बघितलं. नुसतं कॉपी झालं म्हणून मी विश्वास ठेवत नाही.

मग सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ १० दाबा. काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतं. काळी खिडकी उघडते. तिथं इंग्रजीत ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’ टाइप करा. आता घाई नको. आमच्याकडं डिस्क ० समोर ४६५ जीबी होतं, डिस्क १ समोर १४. ५०० ची डिस्क ४६५ च दिसते आणि १४ वाला म्हणजे आपलाच १६ चा पेन ड्राइव्ह. नंबरावर जाऊ नका, आकारावरून ओळखा. बाहेरची बॅकअपची डिस्क तर आधीच काढून ठेवा. जीपीटीच्या रकान्यात चांदणी नसेल तर ती डिस्क एमबीआर.

पुढं ‘सिलेक्ट डिस्क ०’ (० च्या जागी तुम्ही ओळखलेल्या डिस्कचा नंबर), ‘क्लीन’, ‘कन्व्हर्ट जीपीटी’ आणि दोनदा ‘एक्झिट’. ‘क्लीन’ खात्री विचारत नाही, एंटर दाबलं की संपलं. सेटअपमध्ये रिफ्रेश करून मोकळी जागा निवडा आणि नेक्स्ट. लागणारी छोटी पार्टिशनं विंडोज आपली आपण करतं.

यादीत डिस्कच दिसत नसेल तर दुखणं वेगळं. काही नव्या इंटेल मशिनना स्टोरेजचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो.

सगळं झाल्यावर मामांनी स्क्रीन बघितली. “डी कुठं गेला रं?” सगळी जागा सीलाच गेली होती. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीवर राइट क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ घेतलं आणि २०४८०० एमबी, म्हणजे २०० जीबी, सोडवले. मोकळ्या जागेवर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ करायला गेलो तर अक्षरांत डी नाही! पेन ड्राइव्ह अजून लावलेलाच होता, डी त्यानं धरलेला. तो काढला आणि मामांना त्यांचा डी दिला.