मेल डिलीट करायला बसण्याआधी

ऑफिसात लोकांची वैयक्तिक माहिती कशी सांभाळली जाते याची तपासणी तोंडावर आली की सगळे आधी जुन्या मेलवर तुटून पडतात. थांबा. पहिलं काम म्हणजे लोकांची माहिती आपल्याकडे कुठे कुठे पडून आहे, ते लिहून काढणं: इनबॉक्स, शेअर्ड ड्राइव्ह, मोबाइलवर उतरवलेल्या फाइल्स, कपाटातले कागद. ‘सेंट’ फोल्डर हमखास विसरला जातो, आणि पुढे पाठवलेले बायोडेटा, ओळखपत्रांच्या प्रती तिथेच साठलेल्या असतात.

प्रत्येक गोष्टीसमोर ती का ठेवली, कधीपर्यंत लागणार आणि काढून कोण टाकणार, हे लिहा. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा, माहिती किती ठेवायची याचा वर्षांचा सरसकट आकडा देत नाही. गरज असेपर्यंतच ठेवा, एवढंच सांगतो. कर आणि पगाराच्या नोंदींना मात्र त्या त्या कायद्याची मुदत असते. आणि ज्या प्रकरणात वाद किंवा चौकशी चालू आहे, त्यातला एकही मेल काढू नका. आयटीवाल्यांना सांगून त्या मेलबॉक्सचं ऑटो-डिलीट आधी बंद करून घ्या.

आता अटॅचमेंट, कारण माझ्या मते खरी गळती इथेच होते. माझ्या एका जुन्या नोकरीत पगारवाढीची एक्सेल शीट एका विभागप्रमुखांना गेली. स्क्रीनवर त्यांच्या टीमची पाचच नावं दिसत होती, बाकीच्या ओळी नुसत्या ‘हाइड’ केलेल्या. कुणीतरी ‘अनहाइड’ केलं आणि सगळ्या ऑफिसचे पगार उघडे पडले. तेव्हापासून मी लागतील तेवढ्याच ओळी नव्या फाइलमध्ये उतरवते आणि तीच फाइल जोडते. पिव्हट टेबलच्या (एक्सेलमधल्या गोषवारा तक्त्याच्या) पोटातही मूळ डेटा राहतो, तोही बघा. पीडीएफमधल्या नावावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर बऱ्याचदा कॉपी करता येतो. फाइलचा पासवर्ड त्याच मेलमध्ये पाठवू नका, फोनवर सांगा. बाहेरच्या अनेकांना एकच मेल जाणार असेल तर पत्ते बीसीसीमध्ये, म्हणजे ते एकमेकांना दिसणार नाहीत. आणि पत्ता टाइप करताना आपोआप येणाऱ्या नावांची यादी साफ करा, मेल मिनिटभर थांबून जाईल अशी सेटिंग लावा.

‘माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे ते द्या’ असा अर्ज आला तर जीडीपीआरनुसार साधारण एक महिना मिळतो. त्या माणसाविषयी आपण आपसात लिहिलेली मतंही त्यात येऊ शकतात. म्हणून आत्ताच स्वतःचं नाव शोधून रंगीत तालीम करा. किती मेल निघतात, त्यातून दुसऱ्यांची नावं झाकायला किती वेळ लागतो, ते कळेल.

चुकीच्या माणसाला मेल गेला तर ‘रिकॉल’वर (पाठवलेला मेल परत बोलावण्याच्या सोयीवर) विसंबू नका, बाहेरच्या पत्त्यावर गेलेला मेल त्याने परत येत नाही. लोकांना धोका पोचण्याची शक्यता असेल तर कळल्यापासून जीडीपीआरनुसार ७२ तासांत नियामकाला, म्हणजे या कायद्यावर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवावं लागतं, आणि त्यातून शनिवार-रविवार वजा होत नाहीत. कुणाला फोन करायचा, ते नाव आणि त्याच्या जागी दुसरं नाव भिंतीवर लावा. चूक सांगायला आलेल्याला ओरडू नका, नाहीतर पुढची चूक कुणी सांगणार नाही आणि हातातले तास तसेच जातील.

नोकरी सोडणाऱ्याचा मेलबॉक्स कुणाकडे जाणार, हे शेवटच्या दिवसाआधी ठरवा. त्याने घरच्या पत्त्यावर ऑटो-फॉरवर्ड लावलं आहे का, तेही त्याच दिवशी तपासा.