फेस भरपूर, तरी गाडीवर चरे आणि डाग? फोमने गाडी धुताना या चुका टाळा

आमच्या जळगावात आता गल्लोगल्ली लोक घरीच फोम पंप घेऊन गाडी धुताना दिसतात. दोन लिटरचा हातपंप, शाम्पूची बाटली, एक कापड, एवढ्यावर काम होतं. पण महिन्या-दोन महिन्यांत तोच प्रश्न कानावर येतो, "भाऊ, फेस तर लोण्यासारखा येतो, मग बोनेटवर या गोल गोल रेषा कशाच्या?"

फेस पाहूनच आपण समाधानी होतो, चूक तिथेच होते. फेसाचं काम गाडी पांढरी करणं नाही. धुळीचे कण ओले करायचे, सुटे करायचे आणि कापड लागण्याआधी खाली वाहून न्यायचे, यासाठी तो आहे. रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. खान्देशच्या रस्त्यावरची धूळ म्हणजे नुसती काळी माती नसते, तिच्यात खडीची कच असते. फेस मारून लगेच कापड फिरवलं की तीच कच आपण स्वतःच्या हातानं रंगावर घासतो.

म्हणून आधी साधं पाणी, वरून खाली, सगळीकडून. मग फेस. मग तीन-चार मिनिटं थांबायचं आणि फेस धुऊन टाकायचा. हात लावायचा तो त्यानंतर, आणि तोही मायक्रोफायबरच्या हातमोज्यानं, शाम्पूच्या पाण्यात बुडवून. जुनी बनियन, टॉवेलचा तुकडा, स्पंज यांत कच अडकून बसते. दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची, दुसरी हातमोजा खळबळून घ्यायची. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जमलेली काळी रेती एकदा पाहिली की एका बादलीत धुवायचं मन होणार नाही. चाकांचं कापड वेगळंच हवं. पावसाळ्यात शेतरस्त्यानं आला असाल तर चाकांवरचा वाळलेला चिखल खरवडू नका, पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्या, आपोआप ढिला होतो.

ऊन

ही चूक मी स्वतः केली आहे. मे महिना, सकाळचे अकरा, गाडी गडद निळी. बोनेटवर फेस मारला आणि मागच्या दारापर्यंत पोचेस्तोवर बोनेटवरचा फेस वाळून त्याच्या कडा उमटल्या. ते पट्टे काढायला दोन रविवार गेले. इकडे जळगाव-भुसावळचा पारा 44-45 वर जातो, तेव्हा गडद पत्र्यावर हात ठेववत नाही. साधी खूण लक्षात ठेवा: तळहाताची पाठ बोनेटवर टेकवा, ती आरामात ठेवता येत नसेल तर फेस मारू नका. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत किंवा दिवेलागणीला, सावलीत. तरीही घाई असेल तर अर्धी-अर्धी गाडी धुवा. एक बाजू फेस, धुणं, पुसणं, मगच दुसरी.

पाणी

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान पाण्यानं होतं आणि दोष मात्र शाम्पूला दिला जातो. बोअरचं पाणी जड असतं. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच काचेवर आणि रंगावर ठिपके होऊन बसतो. फेस पातळ येतोय असं वाटलं तर ही परीक्षा करा: दोन सारख्या बाटल्यांत, एकीत बोअरचं आणि एकीत आरओचं प्यायचं पाणी घ्या, दोन्हींत शाम्पूचे चार-चार थेंब टाका आणि सारखंच हलवा. बोअरच्या बाटलीतला फेस कमी आला आणि लवकर बसला, तर दोष पाण्याचा आहे. मग शाम्पू ओतत बसण्यापेक्षा पंपापुरतं दीड लिटर चांगलं पाणी वापरा.

आता पाणी वाचवण्याची गोष्ट. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे आरओचं वाया जाणारं पाणी साठवून लोक गाडी धुतात. मनातली भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. कूलरच्या टाकीत उरलेल्या पाण्याचंही तेच, पाणी उडून जातं आणि क्षार खाली राहतात. हे पाणी फरशीला, अंगणात सडा घालायला वापरा, गाडीला नको. उलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळपास बिनक्षाराचं असतं. ते बादलीत धरून ठेवा आणि शेवटचा हात त्यानं मारा. त्यानंतरही गाडी वाऱ्यावर सुकू देऊ नका, मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलनं लगेच टिपून घ्या.

ठिपके पडलेच असतील तर किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, कापड भिजवून थंड पत्र्यावर मिनिटभर टेकवा आणि भरपूर पाण्यानं धुवा. नखानं किंवा घासणीनं मुळीच घासू नका.

साबण

कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो, न विरघळलेले दाणेही राहतात. भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढायला केलेलं, ते गाडीवरचा वॅक्सही काढून नेतं. गाडीचाच शाम्पू घ्या आणि बाटलीवरचं प्रमाण पाळा.

शेतकरी भावांना एक कळकळीची विनंती. फवारणीचा पंप गाडीला वापरू नका. त्याच्या नोझलनं फेस होत नाही, नुसते तुषार उडतात, आणि टाकीत औषधाचा अंश राहतोच. तणनाशकाचा पंप कितीही खळबळला तरी थोडं उरतं, म्हणून तर 2,4-डी मारलेला पंप कपाशीला कुणी लावत नाही. तो अंश आपल्या हातावर आणि दाराच्या मुठीवर, जिथे लेकरं हात लावतात, तिथे कशाला?

पंपाचं दुखणं

फेसाऐवजी पाणीच येत असेल तर आधी पाहा, टाकी काठोकाठ तर भरली नाही ना. हवेला जागा नसेल तर दाब धरत नाही. दोन लिटरच्या पंपात दीड लिटरच भरा. तरीही जमत नसेल तर नोझल उघडा, आतल्या जाळीत क्षार बसलेले असतात. कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून तासभर भिजत ठेवा. दाब भरताना दांड्यापाशी हवा सुटत असेल तर रबरी रिंग कोरडी पडली आहे, तिला सिलिकॉन ग्रीस लावा. घरातलं तेल किंवा गॅरेजचं ग्रीस नको, काही रबरं त्यानं फुगतात. प्रेशर वॉशरला फोमची बाटली लावत असाल आणि मशीन घरगुती, कमी पाण्याची असेल, तर आतलं छिद्र 1.25 ऐवजी 1.1 मिलिमीटरचं घेऊन पाहा, फेस लगेच दाट होतो.

काम झालं की उरलेलं शाम्पूचं पाणी ओतून टाका, साधं पाणी भरून दोन मिनिटं फवारा, वरचा व्हॉल्व्ह दाबून सगळी हवा सोडा. दाब भरलेला पंप गच्चीवर उन्हात ठेवू नका. घरात, सावलीत, झाकण सैल करून ठेवा.